४० बाय ५० इंचातले नवरा-बायको : एका नकलेच्या नोंदी

रविवारची सुट्टी आणि इतर दिवशी रात्रीचा तासभर, एवढ्या वेळात केलेलं हे काम. एखादं जुनं तैलचित्र मूळ मापात उतरवायचं कुणाच्या मनात असेल, तर त्याचे निदान माझ्या चुकांचे पैसे वाचावेत म्हणून लिहून ठेवतोय.

९ जून

आमच्या हौशी नाट्यमंडळाने सप्टेंबरअखेर ‘राजमुकुट’चं अभिवाचन ठरवलंय. तात्यासाहेब शिरवाडकरांनी मराठीत आणलेला शेक्सपिअरचा ‘मॅकबेथ’. नाशकात तात्यासाहेबांचं काही करायचं म्हटलं की निम्मे प्रेक्षक त्यांना भेटलेले निघतात आणि उरलेले भेटल्यासारखे बोलतात, त्यामुळे सगळ्यांना जरा टेन्शन आहे.

अभिवाचनाला नेपथ्य नसतं. सर म्हणाले, मागे एकच मोठं चित्र लावू. फ्लेक्स नको, हाताने रंगवलेलं हवं. मंडळात ब्रश धरणारा मी एकटा, म्हणून काम माझ्या गळ्यात. मंजूर रक्कम ३,००० रुपये.

कुठलं चित्र, यावर दीड तास गेला. एकीला जॉन सिंगर सार्जंटने १८८९ मध्ये काढलेलं नटी एलन टेरीचं चित्र हवं होतं. हिरव्या झग्यात डोक्यावर मुकुट उचलून धरलेली लेडी मॅकबेथ. त्या झग्यावर खरोखरचे भुंग्यांचे पंख शिवलेले होते. चित्र झकास आहे, पण त्यात नवराच नाही. शिवाय ती स्वतःच्या डोक्यावर मुकुट चढवते असा प्रसंग नाटकातही नाही. आम्हाला दोघं हवी होती.

शेवटी हेन्री फ्यूझेलीचं ठरलं. लेडी मॅकबेथ कट्यारी हिसकावून घेते, तो प्रसंग. तैलरंग, १८१२ च्या सुमाराचं, लंडनच्या टेट कलादालनात आहे. माप १०१.६ बाय १२७ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ४० बाय ५० इंच. ही बरोबरी बघून मला वाटलं, चला, सोपं आहे.

१६ जून

फ्रेम. एमआयडीसीत पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनवुड स्वस्तात मिळतं, ते आणलं. सुताराकडून कापून, जोडून ६५० रुपये. काटकोन तपासायला गुण्या नव्हता म्हणून दोन्ही कर्ण मोजले. ४० बाय ५० च्या चौकटीचा कर्ण ६४ इंच आणि किंचित वर यायला हवा. दोन्ही सारखे आले. खूश होऊन फ्रेम वरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली.

आमचं घर पंचवटीत, जुनं. वरच्या खोलीच्या एका भिंतीला पावसाळाभर ओल असते. टेकवली ती त्याच भिंतीला.

२३ जून

फ्रेम पिळली. जमिनीवर आडवी ठेवली तर एक कोपरा बोटभर वर राहतो. कर्ण अजूनही सारखेच, म्हणजे कर्णाने पीळ कळत नाही, हे एक शिकलो. लाकूड ओलं होतं. ६५० पाण्यात.

दुसरी फ्रेम जुन्या दाराच्या सागवानाची, मध्ये आडवी पट्टी टाकून. १,४०० रुपये. एवढ्या मापाला मधली पट्टी लागतेच, नाहीतर कॅनव्हास ताणला की लांब बाजू आत झुकतात. कॅनव्हास दीड मीटर, १,३५०. ताणताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा आणि मग कोपऱ्यांकडे सरकत जायचं, हे माहीत होतं. तरी एका कोपऱ्यात चुणी राहिलीच. राहू दे, तिथे अंधार येणार आहे.

बजेटमधून ४०० रुपये बाहेर आणि अजून रंगाची नळी उघडलेली नाही.

३० जून

मूळ मापात उतरवायचं तर चौकटी आखून किंवा खाक्याने. मी खाका निवडला. मूळ मापाचा प्रिंट काढायचा, बाह्यरेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद कॅनव्हासवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापटायची. ठिपके उमटतात, ते जोडत जायचं.

आर्किटेक्ट लोकांचे नकाशे काढून देणाऱ्या दुकानात गेलो. त्यांच्या मशिनवर ३६ इंची रोल, म्हणजे ४० बाय ५० एका कागदावर बसत नाही. दोन तुकडे करायला सांगितले, डावीकडे नवरा, उजवीकडे बायको, जोड मधल्या अंधारात. प्रत्येकी १८०, एकूण ३६०. दुकानातला मुलगा काहीतरी म्हणाला, “मध्ये तीन इंच...” तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मी मान डोलावली आणि निघालो.

ते तीन इंच पुढे फार महागात पडले.

७ जुलै

नुसता प्रिंट बघून शरीर कळत नाही, म्हणून दादा आणि वहिनीला उभं केलं. प्रसंग दुसऱ्या अंकातला, दुसरा प्रवेश. मॅकबेथ राजा डंकनला मारून बाहेर आलाय. कट्यारी तिथेच, झोपलेल्या पहारेकऱ्यांजवळ टाकून यायच्या असं ठरलेलं, आणि हा त्या हातातच घेऊन आलाय. ती म्हणते, परत जा, ठेवून या. तो म्हणतो, मी जाणार नाही. मग ती म्हणते, द्या त्या इकडे.

दादाच्या हातात दोन स्टीलच्या पट्ट्या दिल्या. त्याने ताबडतोब डोळे वटारले, छाती पुढे काढली आणि एक पाय मागे टाकला. गावच्या जत्रेतला अफझलखान. मी म्हटलं, “दादा, तू घाबरलायस.” तो म्हणाला, “मी खून करून आलोय ना? मग ती घाबरेल.”

वहिनीला सांगितलं, एक बोट ओठांवर, दुसरा हात पुढे, आणि झपकन या. तिने विचारलं, “ओरडायचं नाही ना भाऊजी? मग सोपं आहे. यांना हळू बोला सांगण्यातच माझी बावीस वर्षं गेलीत.” आणि स्वयंपाकघराच्या दारातून अशी काही आली की दादा खरंच अर्धं पाऊल मागे सरला. तोच क्षण मोबाइलवर टिपला.

फोटो नीट पाहिल्यावर एक लक्षात आलं. वहिनी दादाच्या तोंडाकडे बघतच नाहीये. तिची नजर त्या पट्ट्यांवर आहे.

१४ जुलै

खाका झाडला. दोन कागद जोडताना दिसलं की कडेला अंधाराचा पट्टा आहे. मुलगा “मध्ये तीन इंच” म्हणाला होता, म्हणजे तेवढा भाग दोन्हीकडे दोनदा आला असणार, असं धरून उजव्या कागदाची तीन इंचाची पट्टी कापली आणि जोडला. उजव्या टोकाला कॅनव्हास तीन इंच मोकळा राहिला. तेव्हाच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मी म्हटलं, बरं झालं, चौकटीखाली जाईल.

सर बघायला आले. म्हणाले, छान, दोघं जवळजवळ आलीत, शेवटच्या रांगेतूनही दिसेल.

४ ऑगस्ट

तीन आठवड्यांची नोंद एकत्र. रंगांना २,१०० रुपये लागले. आयव्हरी ब्लॅक, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, अलिझरिन क्रिमझन आणि टायटॅनियम व्हाइटची मोठी नळी.

या चित्रात निम्म्याहून जास्त अंधार आहे, तेव्हा आधी अंधार उरकावा म्हणून सगळी पार्श्वभूमी काळ्याने भरली. रंग पसरेना, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून जवसाचं डबल बॉइल्ड तेल आणलं, १८० रुपये. ते दारं-खिडक्यांसाठी असतं. सढळ हाताने ओतलं. रंग लोण्यासारखा फिरला, काळं कुळकुळीत दिसायला लागलं. त्यावर चारच दिवसांनी बर्न्ट अंबरने आकृत्या मांडल्या.

आज गोदेला पूर. दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं म्हणून अख्खी गल्ली बघायला गेली होती, मीही गेलो. परत येऊन बघतो तर मॅकबेथच्या पोटावर म्हाताऱ्याच्या कातडीसारख्या सुरकुत्या. बोट लावलं, काळं अजून चिकट. वर सुकलेलं, खाली ओलं.

कारण नंतर कळलं. काळा रंग मुळातच फार सावकाश सुकतो, बर्न्ट अंबर लवकर. मी खाली तेलकट, सावकाश सुकणारा थर घातला आणि वर पातळ, झटपट सुकणारा. व्हायला हवं नेमकं उलटं, खाली टर्पेंटाइन घातलेलं पातळ आणि वर तेलकट. त्यात हवा अशी की दोरीवरचे टॉवेल तीन दिवस वाळत नाहीत.

११ ऑगस्ट

सगळं खरवडलं. पुट्टीची पट्टी, टर्पेंटाइन आणि जुन्या बनियनच्या चिंध्या. सकाळी नऊ ते दुपारी चार.

इथे एक गोष्ट घडली, ती नीट लिहितो, कारण ती धोक्याची आहे. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून मी कोपऱ्यात टाकत होतो. दुपारी तो उचलून पिशवीत भरायला गेलो तर हाताला ऊन लागला. भाकरीचा पीठगोळा हातात घ्यावा तसा. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा ढीग असेल तर ती आतच कोंडते. अशा ढिगाने आपोआप पेट घेतल्याच्या घटना घडतात. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी बोळा हातात धरून नुसता उभा राहिलो. टाकू कुठे? खाली अंगणात? पिशवीत? डोकं चालेनाच.

वहिनी चहा घेऊन जिन्यात आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. कप तिथेच पायरीवर ठेवला. “द्या ते इकडे.” बोळा घेतला, मोरीत नेला, पाण्याच्या बादलीत बुडवला आणि बादली उघड्यावर ठेवली. “वास कसला येतोय म्हणून आले,” म्हणाली. मग कप उचलून माझ्या हातात दिला.

तर, चिंध्या पाण्यात बुडवा, नाहीतर एकेक उलगडून दोरीवर टाका. ढीग करू नका.

१८ ऑगस्ट

नवीन सुरुवात. काळी नळी बाजूला ठेवली. अंधार आता बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून, टर्पेंटाइनने पातळ केलेला. दिसायला काळाच, पण श्वास घेतल्यासारखा, कुठे तपकिरी, कुठे निळा. दोन दिवसांत कोरडा. चित्रकारांचं रिफाइंड जवस तेल आणि चांगलं टर्पेंटाइन ५४०, जादा रंग ६९०.

खाका पुन्हा झाडायचा, या वेळी काळ्यावर म्हणून खडूच्या पुडीने. झाडून मागे सरलो. वहिनी धुणं घेऊन गच्चीवर चालली होती, थांबली. म्हणाली, “हे दोघं भाजीची पिशवी ओढतायत का?”

आणि खरंच. तिचा हात थेट कट्यारींवर पडला होता. दोघं एकाच वस्तूवर झोंबणारी. टेटच्या संकेतस्थळावरचं चित्र मोबाइलवर काढून शेजारी धरलं. तिथे अंतर आहे. ती झेपावलीये, पण पोचलेली नाही. नाव कट्यारी हिसकावण्याचं असलं तरी चित्रात दोन्ही कट्यारी अजून त्याच्याच हातात आहेत.

दुकानात फोन केला. मुलगा म्हणाला, “मध्ये तीन इंच एक्स्ट्रा पाहिजे का, असं विचारलेलं मी. तुम्ही फक्त मान हलवली, मला कळलं नाही, म्हणून दिलेच नाहीत.” म्हणजे दुहेरी आलेला भाग नव्हताच. मी कापला तो खराखुरा अंधार होता. कापलेली पट्टी सुदैवाने टाकली नव्हती, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात सापडली.

उजवा अर्धा खडू पुसून पुन्हा. ती तीन इंच मागे गेली आणि उजवीकडची मोकळी पट्टीही भरून निघाली. आणि सगळं बदललं. जवळ होती तोवर ते भांडण होतं. आता मधल्या अंधारात काहीतरी आहे. एवढे दिवस मी त्याला रिकामी जागा समजून त्याच्यावर कात्री चालवली होती.

रात्री नाटक पुन्हा वाचलं, या वेळी फक्त ही दोघं कुठे एकत्र आहेत ते बघत. सुरुवातीला तो पत्रात तिला थोरवीतली आपली लाडकी भागीदार म्हणतो. कट दोघांचा. पण बँको या साथीदार सरदाराचं पुढे काय करणार, हे तो तिला सांगत नाही. उलट, तुला माहीत नसलेलंच बरं, असं म्हणतो, तेही लाडाने. मेजवानीच्या प्रवेशानंतर ही दोघं रंगमंचावर एकत्र येतच नाहीत. ती झोपेत चालते तेव्हा तो नसतो, ती मरते ती बातमी त्याला दुसऱ्याकडून कळते. फ्यूझेलीने ती झोपेत चालतानाचं चित्रही केलंय, १७८४ चं, पॅरिसला लूव्रमध्ये आहे.

म्हणजे जे पुढे वाढत जाणार ते अंतर पहिल्यांदा इथे पडलंय. माझ्या फुटपट्टीने तीन इंच.

२५ ऑगस्ट

मॅकबेथ. मूळ चित्रात तो पांढुरका, राखाडी, जवळजवळ आरपार दिसेल असा. माझा दोनदा धिप्पाड झाला. दादाचा फोटो बघून करत होतो, हीच चूक. फोटो मिटवला नाही, पण फोन उलटा ठेवला.

मग चिंध्यांचा बोळा आठवला. त्या वेळी मी घाबरलो होतो का? नाही. मला फक्त हातात काय आहे ते कळत होतं, त्याचं करायचं काय ते कळत नव्हतं. खांदे आत घेतले, कोपरं अंगाशी आणली, गुडघे जरा सैल केले. जमलं. चाळीस मिनिटांत, तेही तिसऱ्याच प्रयत्नात. रंग पातळ ठेवला, खालचा अंबर दिसू दिला.

सर म्हणाले, हा फारच भित्रा दिसतो, रणांगणावर शत्रूला चिरणारा सरदार आहे हा. मी म्हटलं, म्हणूनच. याआधी मारल्यावर शस्त्र कुठे ठेवायचं असा प्रश्न त्याला कधी पडलाच नसेल.

१ सप्टेंबर

तिचा चेहरा. चार तास वाया गेले.

भुवया चढवल्या, मालिकेतली सासू झाली. ओठ आवळले, आजारी दिसायला लागली. डोळे मोठे केले, तर चेटकीण. प्रत्येक वेळी ती दुष्ट झाली की चित्र मरायचं, कारण मग नवरा बिचारा आणि बायको वाईट, एवढीच गोष्ट उरते. नाटकात तसं नाहीये. त्याच प्रवेशात ती म्हणते की झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. एकदा तीही दारातून परत फिरलेली आहे.

संध्याकाळी चेहरा पुसून टाकला. ओठांवरचं बोट आणि गालावरचा उजेड एवढंच ठेवलं. बोट पुरेसं आहे. गप्प, कुणीतरी ऐकेल. घरात कुणी झोपलेलं असताना बाई जसं खुणावते तसंच.

८ सप्टेंबर

गणपती बसलेत, काम बंद. फक्त वाचन.

फ्यूझेली मूळचा ज्यूरिचचा, जन्म १७४१. विशी ओलांडल्यावर लंडनला आला आणि ड्रुरी लेन थिएटरचे लाडके डेव्हिड गॅरिक आणि हॅना प्रिचर्ड यांना याच भूमिकांत पाहिलं. १७६६ च्या सुमाराला त्याने जलरंगात ते दृश्य केलं, ते ज्यूरिचच्या कुन्स्टहाउस संग्रहालयात आहे. त्यात ते नट आहेत, त्यांच्या काळच्या कपड्यांत. गॅरिकला ओळखावं असं चित्र. प्रिचर्डबाई १७६८ मध्ये वारल्या, गॅरिक १७७९ मध्ये. आणि हा माणूस सत्तरीला आल्यावर तेच दृश्य पुन्हा रंगवतो, तेव्हा नट गेलेत, कपडे गेलेत, रंगमंच गेलाय. उरलेत दोन उजळ आकार.

आमच्या मंडळात सत्तरीचे एक काका आहेत. पन्नास वर्षांपूर्वी पाहिलेल्या नाटकातली एक हालचाल ते अजून करून दाखवतात, नटाचं नाव मात्र आठवत नाही. मला हे वाचताना ते काका दिसले.

१५ सप्टेंबर

कट्यारी आणि रक्त. लाल किती? पहिल्यांदा भरपूर घातला, रंगपंचमी झाली. पुसला. मग फक्त पात्यांवर आणि त्याच्या बोटांवर. अलिझरिन क्रिमझन थोडा जाडच लावला, चमक हवी म्हणून. तिच्या हातांवर एक ठिपकासुद्धा नाही. अजून नाही. ती आत जाऊन परत येईल तेव्हा म्हणेल की माझेही हात तुमच्याच रंगाचे झालेत, पण तुमच्यासारखं पांढरं काळीज बाळगायची मला लाज वाटेल. आपण चित्र रंगवत असताना हे वाक्य वाचलं की हसू येतं. पांढरं काळीज आणि लाल हात, त्या बिचाऱ्याचं सगळं रंगकामच तिने एका वाक्यात सांगून टाकलंय.

आणि कट्यारी मागताना तर ती म्हणते, निजलेली आणि मेलेली माणसं म्हणजे नुसती चित्रं, रंगवलेल्या सैतानाला पोरंच भितात. हे वाक्य बोलणाऱ्या बाईचं चित्र काढायचं म्हणजे फ्यूझेलीची गंमतच आहे. मी कागदावर लिहून ईझलला चिकटवलं.

चूक : अलिझरिनही सावकाश सुकणारा रंग आहे. जाड लावला तर आठवडे घेतो. हातात दोनच आठवडे आहेत.

२८ सप्टेंबर

छोट्या टेम्पोतून सभागृहात. चित्रावर प्लास्टिक टाकलं नाही, कारण लाल ओला. दादा मागे उभा राहून दोन्ही हातांनी धरून आला, रविवार कारंज्यावरच्या खड्ड्यांसकट.

लावलं आणि घोटाळा. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड थेट काळ्या भागावर, समोर बसलं की चित्राऐवजी आपलंच तोंड दिसतं. वरचे दोन ट्यूब बंद केले आणि चित्र वरून दोन इंच पुढे झुकवलं, दोरी लांब करून. नव्वद टक्के चकाकी गेली. वॉर्निश लावलेलं नाही. जाड रंगाला सहा महिने तरी थांबायचं असतं.

२९ सप्टेंबर

अभिवाचन झालं. वाचणारी दोघं चित्राच्या दोन बाजूंना बसली होती, मध्ये अंतर ठेवून. ते सरांनी केलं, मी काही बोललो नव्हतो. दारावर ठोठावण्याचे आवाज होतात तिथे सभागृह अगदी शांत झालं. नंतर तिघा-चौघांनी विचारलं की बाईला चेहरा का नाही काढला. एका आजींनी विचारलं, “तिचा हात पोचतो का हो?”

संपल्यावर लोक जवळून बघायला आले. कुणीतरी हात लावलाच. डाव्या कट्यारीवर सबंध अंगठा उमटलाय. नंतर तोच लाल विजेच्या बटणावर, दाराच्या कडीवर आणि वहिनीच्या नव्या साडीच्या पदरावर सापडला. कोण ते कळलं नाही. अंगठा मी पुसलेला नाही.

खर्च : फ्रेम ६५० आणि १,४००, कॅनव्हास १,३५०, प्रिंट ३६०, रंग २,१०० आणि ६९०, तेल-टर्पेंटाइन ५४०, हार्डवेअरचं तेल १८०. एकूण ७,२७०. मंडळाचे ३,०००, उरलेले ४,२७० माझे. टेम्पोचे पैसे दादाने दिले, आकडा सांगत नाही. वेळ साधारण ११० तास, त्यातले चाळीसेक खरवडण्यात आणि परत करण्यात.

३० सप्टेंबर

माझ्या नखांतला लाल अजून आहे. काल रात्री नळाखाली साबणाने घासला तर तळहातभर पसरला आणि गुलाबी होऊन बसला. नाटकात ती म्हणते, थोड्या पाण्याने सगळं धुऊन निघेल. तैलरंगाला पाणी लावू नका. आधी खोबरेल चोळायचं, कापडाने पुसायचं, मग भांड्याचा साबण. ही पद्धत वहिनीची. पदराचा डाग मात्र तिच्याही हाताने गेलेला नाही.